गोजाबाईच्या हलत्या दाताखाली

मी एक पेशी बोलतेय. पोशेरा गावच्या गोजाबाईच्या तोंडात, खालच्या पुढच्या दाताच्या मुळाशी माझं घर. दात आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. तिथे आम्ही बहिणी-बहिणी राहतो आणि दाताला हाडाशी बांधून ठेवणारे धागे विणतो. कौतुक दाताचं, मेहनत आमची. असो, जगाची रीतच आहे.

गोजाबाईही विणकरीणच. टोपल्या, सुपं आणि पावसाळ्याच्या तोंडावर इरली, शेतात राबताना डोक्यावरून पाठीवर घ्यायची. बांबूची पट्टी सोलायला तिला दोन हात पुरत नाहीत, म्हणून पट्टीचं एक टोक ती दातात धरते. आमच्याच दातात. ती मान मागे नेते, पट्टी सरसर सोलत येते आणि खाली आमचे धागे ताणले जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एक धागा तुटला तर दुसरा विणायचा. फक्त विणायला प्राणवायू लागतो आणि तो रक्तातून येतो. आमची वस्ती आडवळणाची, तो बेताचाच पोचतो. थोडक्यात भागवायची आम्हाला सवय आहे. थोडे दिवस टंचाई आली तर उलट हात भरभर चालतात.

घोटाळा केला मिश्रीनं. सकाळी उठलं की तव्यावर भाजलेली तंबाखू बोटावर घ्यायची आणि हिरडीवर घासायची. जेवणानंतर पुन्हा. पट्टी सोलायला बसण्याआधी पुन्हा. शेजारची कमू आली की तिच्या डबीतली, कारण दुसऱ्याची मिश्री जास्त लागते म्हणे. "मिशरीनं दात घट होतात," असं दोघी एकमेकींना सांगायच्या. कमूच्या तोंडात घट्ट व्हायला दात फारसे उरलेच नव्हते, हे दोघींपैकी कुणाच्या लक्षात येत नसे.

मिश्रीनं आमच्याकडे येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसल्या. पूर्वी चूळ भरताना थोडं रक्त यायचं, ते थांबलं. हिरड्या बऱ्या झाल्या, असं गोजाबाईनं गावभर सांगितलं. अगं बाई, नळाला पाणीच येईना म्हणून गळती थांबली, एवढंच.

इकडे आमचा जीव गुदमरू लागला. प्राणवायूशिवाय मी कसंबसं पोट भरायची, पण त्यात ताकद थोडी आणि आंबट कचराच फार. धागे विरळ पडले. हिरडी दातापासून सुटली, त्या खोबणीत घाण साचली आणि जिथे हवा नाही तिथेच सुखात नांदणारे जंतू मुक्कामाला आले. मी घाबरून हाका मारल्या. नव्या रक्तवाहिन्यांना बोलावलं, जंतूंशी लढणाऱ्यांना बोलावलं. त्या आरडाओरड्यात हाड पोखरणाऱ्या पेशीही धावत आल्या. बोलावणं आलंय म्हटल्यावर कोण उपाशी परत जातं? त्यांनी आमच्या आधाराचं हाडच खायला घेतलं.

मग एके दिवशी गोजाबाईनं मान मागे नेली आणि पट्टी निसटली. दात डुगडुगत होता. इरल्यांचे दिवस जवळ आलेले.

"दात गेला तं पट्टी कशानं धरू?" तिनं सुनेला, योगिताला विचारलं.

"दोरा बांध नि वढून टाक," कमूनं सल्ला दिला. मला धडकी भरली.

योगितानं सल्ला ऐकला नाही. सासूला एसटीत बसवून तिनं जव्हारला दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी खोबणीतली घाण काढली आणि सांगितलं, "मिश्री सोडलीत तर दात राहील. बरं वाटेपर्यंत पट्टी पायाच्या अंगठ्यात धरा."

गोजाबाईनं मिश्री सोडली. घरातल्या सगळ्यांवर चिडली, कोंबड्यांवरही चिडली, पण सोडली. रक्तवाहिन्या हळूहळू मोकळ्या झाल्या आणि एका सकाळी माझ्यापर्यंत भरभरून रक्त आलं. मला इतका आनंद झाला, की काय सांगू. नेमकी तेव्हाच गोजाबाईनं चूळ भरली आणि चूळ लाल निघाली.

ती हबकली. कमूनं लगेच डबी उघडली. "लाव जराशी, थांबल रगत." गोजाबाईनं बोट डबीत बुडवलंही.

"आये, कसाला?" योगिता मागून आली. "डॉक्टरीणबाई बोलली ना, पयलं रगत येल म्हणून?"

"मी डोळं मिटून बसलेली. मना काय ठाव?"

"कान पण मिटलेलंस?"

"मंग मिशरी होती तवा रगत कसा नाय आला?"

"कारण तवा हिरडीत पोचतच नव्हता."

गोजाबाईचं बोट वर आलं, ओठाशी थांबलं. खाली मी श्वास रोखून धरला, नुकताच मिळालेला. मग तिनं हंड्यातलं पाणी घेतलं आणि बोट धुऊन टाकलं. कमू डबी मिटून रुसून गेली. उद्या येईल.

आता मी पुन्हा विणायला बसलेय. गेलेलं हाड परत आणणं माझ्या हातात नाही. दात थोडा हलणारच. रक्तही अजून काही दिवस दिसेल. गोजाबाई, ते बघून भिऊ नकोस, त्यातूनच मला श्वास येतोय. उद्या कमू येईल, डबी उघडेल, वासानं तुझा जीव कासावीस होईल, ते मला कळतं. दात मी धरून ठेवते. तू तेवढं बोट आवर.