तासाभराचं अंतर

"एकदा ये. येणार की नाही, ते दोन ओळींत कळव," असं आउस्त्राने लिहिलं होतं. धाकट्या बहिणीच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. नाही म्हणायची लाज वाटत होती आणि हो म्हटलं असतं तर रीगाहून डब्लिनला विमानाने जावं लागलं असतं. मी कधी विमानात बसलो नव्हतो.

परवा तिच्या मुलीचा, सनिताचा, फोन आला. "मामा, आईचं काही खरं नाही. येणार असाल तर आत्ता या."

शेजारच्या वेल्टाबाईंनी तिकीट काढून दिलं. साडेदहाला निघायचं, अकरा चाळीसला पोचायचं. मी नकाशावर दोरा लावून पाहिला. अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास भरलं. एवढं तासाभरात?

"तुम्हाला दाढीला याहून जास्त वेळ लागतो," वेल्टाबाई म्हणाल्या. "डोळे मिटून बसा."

गणित माझंच चुकलं असणार, नेहमीसारखं. मी तासभर भ्यायची तयारी केली.

आउस्त्राने इथे असताना लावलेल्या ॲस्टरची तीन फुलं सोबत घेतली. आमच्याकडे जिवंत माणसाला फुलं विषम नेतात. सम फुलं थडग्यावर. विमानतळावर बसून तिला उत्तरही लिहिलं, पाकिटावर टपालाचं तिकीट चिकटवलं, पण टपालपेटीत टाकलं नाही. ऐनवेळी कच खाल्ली तर?

खाल्ली नाही. पण अकरा चाळीस झाले, तरी खाली नुसता समुद्र. हवाईसुंदरी घाईघाईने मागे गेली. आपल्यापासून काहीतरी लपवताहेत, अशी माझी खात्री झाली.

"काका, घाम का फुटलाय?" शेजारच्या मुलीने विचारलं. लिगिता तिचं नाव. आयर्लंडमध्ये अळिंबीच्या शेडमध्ये कामाला होती.

"आपण आत्तापर्यंत पोचायला हवं होतं."

"कुठे, स्वर्गात?" ती हसली. "अजून दोन तास आहेत. तिकडची घड्याळं दोन तास मागे असतात, तिकिटावर तिथली वेळ छापतात. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

देशोदेशींची घड्याळं वेगळी, हे मला ठाऊक होतं. भीतीपायी सुचलंच नाही. आणि वेल्टाबाई मुद्दाम गप्प बसल्या होत्या.

"तिकीट काढून देणाऱ्या शेजारच्या बाईंनी सांगितलं असतं तर मी बसलोच नसतो," मी म्हणालो.

"मग बाई हुशार आहेत. पण त्या फुलांचा जीव घेताय तुम्ही."

मी खाली पाहिलं. माझ्या मुठीत एक देठ मोडला होता, फूल पायाशी पडलं होतं. उरली दोन. लिगिताचं हसू मावळलं. तिनेही मोजली होती.

"एक काढून टाका," ती हळूच म्हणाली.

हात उचलवेना. काढलं, तर ते अशुभ मी खरं मानलं, असं झालं असतं. पुढचे दोन तास मी त्या दोन फुलांकडे बघत होतो. विमानाची भीती कुठे गेली, कळलंही नाही. चाकं टेकली, तशा आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मोकळे नव्हते.

सनिता बाहेर एकटीच उभी होती. तिला पाहताच मी घाईने एक फूल काढायला लागलो. तिने माझा हात धरला.

"राहू द्या मामा. दोनच असू द्या." मग फुलांकडे बघत म्हणाली, "तुमचं विमान वर असतानाच."

दारापाशी हिरवी टपालपेटी होती. मी खिशातून पाकीट काढलं. सनिताने त्यावरचं नाव वाचलं.

"आपलं तिकीट इथे चालत नाही," एवढंच ती म्हणाली, आणि आत जाऊन इथलं तिकीट घेऊन आली. जुन्या तिकिटावर नवं चिकटवलं, अंगठ्याने नीट दाबलं आणि पाकीट मला परत दिलं.

आत दोनच ओळी होत्या. येतो आहे. थोडा उशीर होईल.

मी ते पेटीत टाकलं.