पांदणीतून निघेल ती गाडी

"हे स्कुटी पांदनीची नाई, पोरी. पाणी पडलं का चाक जाम होते," असं वच्छलाकाकूनं मला आधीच सांगितलं होतं. मी हसले. म्हटलं, "काकू, नवीकोरी गाडी आहे!"

आमचं घर आंजीच्या रस्त्यापासून बरंच आत, वावरात आहे. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक, असं भाजीचं वावर. रस्त्यापासून घरापर्यंत पांदण, म्हणजे शेतांच्या दोन धुऱ्यांमधली, बांधांमधली बैलगाडीची वाट. माती काळीभोर. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात तिला, आणि पावसात तीच माती चाकाला धरते ती सोडत नाही. आमच्याही पुढं, पांदणीच्या पार टोकाला वच्छलाकाकू एकटी राहते. माझा नवरा धनंजय बुटीबोरीला कंपनीत, शनिवारी घरी येतो. एरवी मी आणि चार वर्षांची नयन.

नयनला धाप लागते. गेल्या श्रावणात भर दुपारी लागली. तोंडात औषधाचा पंप दिला, तरी उतरेना. तिला स्कुटीवर पुढं उभी केली आणि निघाले. अर्ध्या पांदणीत चाक आणि मडगार्डच्या मध्ये चिखल गच्च भरला. चाक फिरेना. मी बोटांनी चिखल उकरत होते आणि इकडं नयनच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. मागून काकू आली. चपला तिथंच टाकल्या, पोरीला खांद्यावर घेतलं आणि रस्त्यापर्यंत चालत सुटली. गुडघे गेलेली बाई! रस्त्यावर एक मालवाहू ऑटो मिळाला म्हणून सावंगीच्या दवाखान्यात पोचलो. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून थोडा उशीर झाला असता तर," आणि पुढचं बोलल्याच नाहीत. ते न बोललेलं मी वर्षभर ऐकत होते.

पुढच्या पावसाआधी पांदणीतून निघेल अशी गाडी घ्यायची, आणि ती मी चालवायची, हे त्या वॉर्डातच ठरलं.

"फटफटी? तू?" धनंजय म्हणाला. "गियर टाकता येते का तुले?"

"शिकते ना. तू शनिवारी येतोस. नयनची धाप शनिवारपर्यंत थांबते का?"

 हिवाळाभर दर रविवारी त्याच्या जुन्या गाडीवर त्यानंच मला शाळेच्या मैदानात शिकवलं. लायसन्सही काढलं. मोबाइलवर मी नको तितके व्हिडिओ पाहिले. लडाखचे दगड होते, राजस्थानची रेती होती. काळ्या मातीत कोणीच गाडी घालत नव्हतं.

मे महिन्यात आम्ही वर्ध्याला, जुन्या गाड्या विकणाऱ्या अंकुशच्या दुकानात गेलो. डांबरावर आणि कच्च्यात, दोन्हीकडं चालणाऱ्या दोन गाड्या त्याच्याकडं होत्या. एक धिप्पाड, रुंद टाकीची, समोर काच. धनंजय तिच्यावरून हात फिरवायला लागला. दुसरी सडपातळ आणि उंच, तारांची चाकं. पुढचं मडगार्ड चाकाला चिकटलेलं नाही, वर दिव्याखाली चोचीसारखं निघालेलं.

"हा तर नाकतोडा आहे," धनंजय म्हणाला.

मी नाकतोड्यावर बसले. दोन्ही पायांचे नुसते अंगठे टेकले.

"भाऊ, मॅडमचे पाय पुरत नाईत," अंकुश धनंजयला म्हणाला. "मॅडमले स्कुटीच बरी."

मी कंबर डावीकडं सरकवली. डावा पाय टाचेपर्यंत टेकला. "एक टेकला की भागतं, अंकुशभाऊ. आणि मॅडम इकडं बसली आहे, मलाच सांगा. दोन्ही गाड्या आंजीला आणा. पांदणीच्या चिखलात चालवीन, मग घेईन."

"मे महिन्यात चिखल कुठून आणता?"

"तो माझ्याकडं लागला."

विहिरीची मोटर लावली आणि वांग्यांचा पाइप पांदणीत सोडला. शेजारचे लहानूभाऊ धुऱ्यावर येऊन उभे राहिले. "काय वहिनी, पांदनीत धान लावून राह्यल्या का?"

"फटफटी पेरून राह्यली, भाऊ."

"वांग्याचं पाणी पांदनीले पाजते," काकू कुरकुरली. पण दुसऱ्या दिवशी अंकुश टेम्पोतून गाड्या घेऊन आला तेव्हा सगळ्यात आधी तीच येऊन बसली होती, बांधावर, नयनला मांडीवर घेऊन.

धनंजयच्या आग्रहानं आधी धिप्पाड गाडी. थोडी गेली, मागचं चाक सरकलं, आणि ती आडवी. मी बाजूला चिखलात. धनंजय धावला.

"थांब. हात नको लावू. पाऊस येईल तेव्हा तू इथं नसशील."

व्हिडिओत पाहिलं होतं तसं पाठ सीटला लावली, एक हात हँडलला, एक मागच्या कॅरिअरला, आणि पायांनी रेटलं. गाडी हलली नाही. पायच चिखलात सरकत गेले. पुढच्या चाकाकडं पाहिलं तर तिथं मडगार्डखाली स्कुटीसारखाच लोंदा भरलेला. अंकुशनं आणि धनंजयनं मिळून ती काढली.

मग नाकतोडा. बंद पडला, पुन्हा चालू केला. चिखल तोंडावर उडत होता, पण चाक फिरत होतं. माती वर चढायची आणि मोकळ्या जागेतून लोंद्यालोंद्यानं गळून पडायची. वळणावर मी पडलेच. लहानूभाऊ हसले, नयन रडायला लागली. पहिल्या दमात गाडी उचलली गेली नाही. मग धुऱ्याच्या गवतात टाचा रोवल्या, दात आवळले आणि रेटत राहिले. गाडी हळूहळू उभी झाली. 

"उचलली नं व बाई!" काकू ओरडली. मग गुडघे धरत चिखलात उतरली, मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये मूठ घालून पाहिली. "यातून माह्यी मूठ जाते. हे घे."

"मॅडम," आता अंकुश माझ्याकडं बघून बोलला, "सीटचा फोम कापून देतो. दोन बोटं खाली बसान."

काल नयनला पुन्हा धाप लागली. पांदणीत पाणी साचलेलं. तिला हेल्मेट घातलं, पट्ट्यानं माझ्या पाठीशी बांधलं आणि नाकतोडा काढला. काकूला फोन केला नव्हता, पण गाडीचा आवाज ऐकून ती आलीच. काठी घेऊन पुढं पुढं चालत राहिली, पाण्याखाली खड्डा कुठं आहे ते काठी रोवून दाखवत. मी पहिल्या गियरमध्ये, ब्रेकला हात न लावता, तिच्या काठीमागून. दोनदा चाक सरकलं, दोनदा डाव्या पायानं सावरलं. चाक जाम झालं नाही. डांबर लागलं आणि मी वळून न पाहता सावंगीचा रस्ता धरला.

नयन आता शांत झोपली आहे, मी तिच्या खाटेशी बसून मोबाइलवर हे लिहिते आहे. वेळेत आलो, असं डॉक्टरबाईंनी आज पूर्ण वाक्यात सांगितलं. धनंजय बुटीबोरीहून थेट इथं पोचला आहे, औषधांची धावपळ त्याच्याकडं आहे. नयनला अजून दोन दिवस ठेवणार आहेत.

पण काकू फोन उचलत नाही. लहानूभाऊ केळझरला सासुरवाडीला गेलेत. त्या गुडघ्यांनी, त्या चिखलातून ती घरी परत गेली की नाही, मला ठाऊक नाही. हे वाचणारं कोणी आंजीच्या बाजूनं जाणार असाल तर पांदणीच्या टोकापर्यंत जाऊन या. गाडी आत घालू नका, पायी जा. दारातून हाक माराल तर ती म्हणेल, "मले काय होते?" त्यावर जाऊ नका. आत जा, चूल पेटली आहे का पाहा, ती उठून चालते का पाहा. आणि सांगा तिला, नयन बरी आहे.