पानभर

"पानभर हवी," मी पेपरच्या कचेरीत जाहिरातींच्या खिडकीतल्या काकांना ठणकावून सांगितलं. वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझा आवाज असाच खणखणीत निघतो. आज मात्र शेवटी चिरकला.

आबा, म्हणजे माझे आजोबा, काल सकाळी चपला घालून निघाले ते आलेच नाहीत. त्यांना हल्ली पत्ता आठवत नाही, माझं नावही नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले. आई रडून रडून अर्धी झालीय.

"पोरी, हरवल्याची जाहिरात छोटी असते. फोटो, चार ओळी, बास."

"ती लोकांसाठी, काका. मला आबांना वाचता येईल अशी हवीय!"

आबांना बारीक अक्षर दिसत नाही. रोज ते बातम्या सोडून पानभर जाहिरात शोधतात, जमिनीवर पसरतात आणि मोठ्यांदा वाचतात. परवा गाद्यांची होती. "घ्यायचीय का गादी?" मी चिडवलं. "अगं, कुणी एवढ्या मोठ्यांदा बोलावतंय, ओ द्यायला नको?"

काकांनी चष्मा काढला. "पानभरचं बुकिंग तीन दिवस आधी. उद्याचं पान सोफेवाल्यांचं."

तीन दिवस! औषधाविना! माझ्यामागे उभी असलेली आई बाकावर टेकली.

काका आत गेले आणि कागदांची चळत घेऊन आले. छपाईच्या रिळाच्या शेवटी उरतो तो कोरा कागद, पेपरच्याच मापाचा. वर जाड मार्कर. "लिही."

मी झपाट्यानं लिहिलं: आबा, घरी या.

"वेडे," आई म्हणाली, "घर सापडत असतं तर आले नसते का?"

मी तो कागद चुरगाळला. नवा घेतला: आबा, इथेच बसा. आम्ही येतोय. खाली बारीक अक्षरात आईचा फोन.

बसथांबे, बागा, दवाखान्यांची फाटकं; असे चाळीस कागद लिहून चिकटवले. संध्याकाळ होत आली तरी फोन गप्पच. आई आता माझ्याकडे बघतही नव्हती.

मग वाजला. कुणी फळवाला होता. "ताई, एक आजोबा दुपारपासून इथं थांब्यावर बसलेत. बसमध्ये चढवतोय तर ऐकत नाहीत. म्हणतात, मला बसायला सांगितलंय."

आम्ही धावत सुटलो. आबा कागदाखाली ताठ बसले होते, ओठ कोरडे, एकच चप्पल. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही जाहिरातवाले का?"

"हो," मी म्हटलं. आवाज पार बसला होता. "चला."