गुण येतोय, बाबा?

"बाही वर करू का?" असं विचारत सलूनवाले काका शेजारच्या दवाखान्यातल्या स्टुलावर बसलेसुद्धा. सिस्टर मात्र त्यांनी आणलेली इवलीशी बाटली खिडकीकडे धरून वाचत होती.

"काका, यावर काय लिहिलंय ठाऊक आहे? 'फक्त संशोधनासाठी. माणसांसाठी नाही.'"

"माणसांसाठी नाही? मग मुलानं मला काय समजून पाठवलं?"

"उंदीर!" सिस्टर हसली.

"अहो, पेप्टाइडचं इंजेक्शन आहे म्हणे. खांद्यात फाटलेलं आपोआप सांधतं."

"उंदरांचं सांधलं असेल. माणसांवर धड अभ्यास नाही, मंजुरी तर लांबच. आतली पावडर कसली, स्वच्छ तरी आहे का, कोणाच्या बापाला ठाऊक? मी नाही टोचणार. डॉक्टरांना दाखवा."

काका बाटली खिशात घालून उठले. एकोणतीस वर्षं कात्री चालवून उजवा खांदा पार कामातून गेला होता. गिऱ्हाइकाच्या डोक्यापर्यंत हात नेताना डोळ्यांत पाणी यायचं. पण मुलाला काय सांगायचं? दूरदेशी असतो, महिन्यातून एकदा घाईघाईत फोन करतो, आणि एवढ्या मायेनं काहीतरी धाडलं तर ते नको म्हणायचं?

त्याच संध्याकाळी सात वाजता फोन आला. "बाबा, टोचलं?"

"टोचलं," काका बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. सूज आहे का, ताप आला का, गुण येतोय का. मग रोजच. काकाही रोज नवीन काहीतरी रचायचे. आज फणी वरच्या फळीवर ठेवली, आज कुशीवर झोपलो. त्यातून मग जेवलात का, गिऱ्हाइकं किती, असल्या गप्पा निघायच्या. बायको गेल्यापासून काका घरात भांड्यांशी बोलत आले होते. आता सात कधी वाजतात याची वाट बघायला लागले. खोटं बोलतोय हे कळत होतं हो, पण सोडवत नव्हतं.

सोळाव्या दिवशी मुलगा खुशीत होता. "बाबा, तुमचा अनुभव मी आमच्या ग्रुपवर टाकला. कुठे मिळतं, सगळे विचारतायत! मीही आज गुडघ्याला सुरू करतोय. सुई भरून ठेवलीये. तुमचं बघूनच धीर आला."

काका खुर्चीवरून उठलेच.

"अरे थांब! मी एकदाही टोचलेलं नाही. सगळं खोटं सांगितलं."

"काय? कशाला पण?"

"तू रोज फोन करत होतास म्हणून."



"मला तोंडघशी पाडलंत, बाबा. लोकांना काय सांगू आता?"

"सांग, म्हातारा खोटारडा निघाला. मला शिव्या घाल, पण तू टोचू नकोस. त्यांनाही टोचू देऊ नकोस."

"नाही टोचत. सांगतो त्यांना. ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सात वाजले, सव्वासात झाले. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी खुर्चीतल्या जुन्या गिऱ्हाइकानं आरशातून विचारलं, "काका, हल्ली चिरंजीवांचा फोन नाही? बरा आहे ना?"

"त्याला काय धाड भरलीये! गुडघे शाबूत आहेत त्याचे," काका म्हणाले. डाव्या हातानं उजव्या कोपराला आधार देत त्यांनी कात्री डोक्यापर्यंत नेली आणि हळूहळू केस कापायला लागले.