रॉकेलचा थेंब

"गाठ निम्मी झाली, प्रेमराजभाऊ. पण तिच्यातल्या मूळ पेशी औषधाला दाद देत नाहीत," जळगावचे डॉक्टर स्कॅन दाखवत म्हणाले. "थोड्याच असतात. पण गाठ पुन्हा उभी करतात त्या याच."

मला समजलं नाही. माझ्या बायकोला, सुंदरला समजलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर तिलाच होता, आणि आमच्या केळीच्या बागेत बुंध्याशी फुटणारी पिलं मारायचं काम तीस वर्षं तिचंच होतं.

"म्हंजे वरनं झाड कापं, कंद तठेच शे," ती म्हणाली. "मंग डॉक्टरसाहेब, कंदमा रॉकेल टाका ना!"

डॉक्टर गोंधळले. मी सांगितलं, केळीचं नको असलेलं पील नुसतं कापलं तर पुन्हा फुटतं. कापून मधोमध रॉकेलचा थेंब सोडला तर मरतं.

डॉक्टर हसले. "अक्का, तेच रॉकेल शोधतायत सगळे. मुंबईत अशा एका औषधाची चाचणी चालू आहे. गुण येईलच असं नाही. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले तर तुमचं नाव पाठवतो. बारा दिवसांनी या."

आम्ही शिरपूरजवळ गावी आलो. मला नुसतं बसवेना. घड उतरवलेल्या केळीच्या खुंटात खळगा केला की सकाळपर्यंत पाणी भरतं. आमच्याकडे ते मुतखड्यावर पितात. खडा विरघळतो, तर गाठ का नाही? रोज तांब्याभर पाजलं.

"तुरट लागस. डॉक्टरले इचारं का तुम्हीन?"

"त्याले केळीनं काय समजस? पी."

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. पोटॅशियम वाढलेलं, किडन्यांवर ताण. "काय दिलंत यांना?"

मी सांगितलं. त्यांनी रिपोर्ट फाइलमध्ये ठेवला. मग म्हणाले, "हे उतरेपर्यंत नाव पाठवता येणार नाही."

उतरायला तीन आठवडे गेले. तोवर तिला अंथरुणातून उठवेना. चाचणीला चालतं-फिरतं माणूस लागतं.

मी तिच्या पायाशी बसून रडलो.

"तुम्हीन काय जहर समजीसन दिन्हं का?" ती म्हणाली. "पिलं वाढनात व्हतीन. बागमा जा."

ती गेल्यावर महिनाभराने गेलो. खळगा केलेल्या त्याच खुंटाला पील फुटलं होतं. झोपडीतून तिचा विळा आणि बाटली आणली. झाकणाला तिनं खिळ्यानं पाडलेलं भोक होतं. पील कापलं. एक थेंब सोडला.

आठ दिवस रोज जाऊन पाहिलं. पुन्हा फुटलं नाही.