बफरात अडकलेली हाक

जुना म्हणून हसू नका, मित्रांनो. मी संगणकाच्या प्रोग्राममधला एक बफर आहे, म्हणजे आवाजाची ओसरी. माइकमधून आलेला आवाज क्षणभर माझ्याकडे टेकतो नि मग पुढे जातो. स्पीकरकडे निघालेलाही माझ्यातूनच जातो. डिचोलीच्या धाकूने आपल्या रेकॉर्डिंगच्या खोलीसाठी मला स्वतः लिहिले. भजनी मंडळी त्याचे केवढे कौतुक करायची!

एक खोट मात्र राहिली. काम संपल्यावर मला रिकामे करायची ओळ लिहायला धाकू विसरला. शिवाय त्याने मला डिस्कवर ठेवले होते, म्हणून यंत्र बंद केले, तरी माझ्या शेवटच्या कोपऱ्यातला आवाज तसाच साठून राही.

त्याच कोपऱ्यात धाकूची शेवटची हाक अडकली, "कमल, च्या झाली गो?" त्याची बायको कमलाक्षी त्या दिवशी रुसली होती. तिने ओ दिली नाही. संध्याकाळपर्यंत धाकू या जगात नव्हता.

पुढे शिरगावचे भिकाजीबुवा गायला बसले. अभंग संपतो न संपतो तोच स्पीकरमधून मेलेल्या माणसाची हाक आली. बुवा पेटी टाकून पळाले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! गावाची राखण करणारा देवचार कोपला, असे समजून धाकूचा भाऊ गौरेश याने संगणकापुढे त्याच्यासाठी जाड भाकरीचा रोट आणि विडी ठेवली. मला खायला तोंड कुठे आहे? गाणारे येईनासे झाले.

कमलाक्षी मात्र भ्याली नाही. झाडायच्या निमित्ताने ती रोज येई, यंत्र लावी, हाक ऐके आणि पदराने डोळे पुशी. मला फार वाईट वाटे.

खोली बंद पडायची वेळ आली, तेव्हा तिची मुलगी सेजल माझा जुना कोड साफ करायला बसली. एका ओळीने मी रिकामा होणार होतो. तिचा हात थबकला.

"आई, बाबांचो आवाज मोबायलात घेव काय?"

"नको गो. मगे मी दिसभर त्येंकाच आयकत बसान. एकदा लाय, आणि पुसून टाक."

हाक आली. कमलाक्षी खुर्चीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "झाली. येवा."

मग सेजलने ती ओळ लिहिली.

बुवा आता पुन्हा येतात. प्रत्येक गाण्यानंतर मी स्वच्छ होतो, तरी ती हाक नसलेली शांतता अजून माझ्या अंगावर येते. मित्रांनो, जुने साफ जरूर करा, पण पुसण्याआधी एकदा ऐका. आणि घरातल्या माणसाने हाक मारली, तर लगेच ओ द्या. ती साठवून ठेवायला आता मी नाही.