निवडुंगाखालची जागा

चूक माझ्या तोंडून झाली, म्हणून आधी तीच सांगतो.

मारुंजीत ओढ्याकाठी गावाची बाग होती. मोडका झोका, गंजलेली घसरगुंडी, बाकी गाजरगवत. शेजारच्या नव्या सोसायटीतली मंडळी दर रविवारी सकाळी ती साफ करू लागली. पुढाकार स्वानंद आणि मृण्मयीचा. लातूरकडचं जोडपं, कंपनीत कामाला, मनानं फार चांगलं. आमच्या भजनी मंडळातले पाचसात जणही जायचो. कुदळी चालवताना कुणी गजर धरला की तीही दोघं सूर मिळवायची. मला वाटायचं, ही पण सेवाच.

ओढ्याच्या अंगाला निवडुंगाचं बेट होतं. स्वानंदनं विचारलं, "एकनाथकाका, इथं मुलांसाठी वाळूचा हौद करू? जागेचं काही आहे का?"

"न्हाई, मोकळीच हाय," मी म्हणालो.

दात न आलेलं लेकरू गेलं तर आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून वर काटे आणि दगड. पुढं त्या जागेचं नाव कुणी काढत नाही, आईच्या कानावर नको म्हणून. परक्या पोरांना सकाळी सकाळी ते काय सांगायचं? शिवाय जुनी गोष्ट, कुणाला आठवतीय.

जेसीबीनं अर्ध्या तासात खड्डा काढला. माती डंपरनं गेली. निघालेले दगड मृण्मयीनं धुतले, पांढरे रंगवले आणि फुलझाडांच्या वाफ्याला लावले.

बाग उघडायच्या दिवशी संध्याकाळी कीर्तन ठेवलं होतं. दुपारी सतरंज्या अंथरत होतो, तर शेजारच्या तुळजाबाई आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, कीर्तनाला कायम पुढच्या रांगेत.

"काय वैनी, बुवांच्या आदीच जागा धरली?" मी थट्टा केली.

त्या हौदापाशी उभ्या होत्या. मग वाफ्याकडे गेल्या आणि वाकून एकेक दगड चाचपत निघाल्या. एकापाशी थांबल्या. जात्याचा अर्धा तुकडा होता तो. पदरानं रंग पुसायला लागल्या. ऑइलपेंट, निघेना.

"आवडला का आजी?" मृण्मयी हसत म्हणाली. "असा एकच निघाला."

"माजं जातं हाय. हितली माती कुटं टाकली गं?"

"भरावाला गेली कुठल्या तरी. का हो?"

"पोर व्हती माजी तितं. अडीच म्हैन्यांची."

स्वानंदनं डंपरवाल्याला फोन लावला. तीन साइटवर टाकली म्हणाला, कुठली माती कुठं ते आता सांगता येणार नाही.

"आम्ही विचारलं होतं हो आजी," मृण्मयी रडत म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही.

"कुनाला?"

"मला, वैनी," मी म्हणालो. "मीच मोकळी म्हनलो."

त्या माझ्याकडे वळल्या. "तुला ठावं न्हवतं व्हय? पोरीला ठिवाया आमच्या ह्यांच्यासंगं कुदळ घिऊन तूच आलतास की."

"ठावं व्हतं."

"मग?"

"तुमच्या कानावर नको म्हनून..."

"माज्या कानावर! आरं, दर पुनवंला येत हुते मी हितं. काट्याभाईर उभी ऱ्हायची नि जायची. तुमी कुनी बोलत न्हवता, म्हून मी बी न्हाई बोलले. तुमाला वाटलं, इसरली."

त्यांनी दगड हलवून काढला आणि माझ्या हातात दिला.

"ह्यो घरात न्यायचा नसतोय. हितं ठिवून काय करू, खाली कुनी न्हाई आता. मोकळी तूच म्हनलास, तूच बग कुटं ठिवायचा त्यो."

कीर्तनाला त्या थांबल्या नाहीत.

बुवांनी गजर सुरू केला. हौदात पोरं वाळूचे डोंगर रचत होती. पुढच्या रांगेत एक जागा तशीच राहिली. मंडळातले सारखे खुणावत होते, टाळ घे म्हणून. दगड मांडीवर होता, आणि माझे दोन्ही हात त्याच्यावर.